बुरांबीची पार्मी

नेव्हिल ग्रिबल आणि त्याची बायको कोरल यांचा संसार त्रेचाळीस वर्षं टिकला आणि त्यात भांडण एकच झालं. तेच त्रेचाळीस वर्षं चाललं.

भांडण एका पदार्थावरून होतं. कोंबडीचा तुकडा कुटून पातळ करायचा, पावाच्या चुऱ्यात घोळवून तळायचा, वर टोमॅटोचा सॉस आणि चीज घालून भाजायचा आणि शेजारी बटाट्याच्या चिप्सचा ढीग रचायचा. त्यांच्या देशात कुठल्याही गावातल्या कुठल्याही पबमध्ये दुपारच्या जेवणाला हा मिळतो. चवीबद्दल दोघांचं काही म्हणणं नव्हतं. वाद नावाचा होता. नेव्हिल बॅलरॅटचा, म्हणजे व्हिक्टोरिया राज्यातला. तिथे त्याला पार्मा म्हणतात. कोरल शेजारच्या राज्यातून आलेली, पोर्ट पिरीची. तिथे तिला पार्मी म्हणतात. तो पार्मा की ती पार्मी, फरक म्हणाल तर एका काना-वेलांटीचा. पण घरं मोडायला एवढंही पुरतं.

यांचं मोडलं नाही, कारण दर गुरुवारी ते भांडण गाडीत घालून बाहेर नेण्याची सोय होती. निवृत्त झाल्यापासून नियमच होता. तासाभराच्या अंतरावरचं कुठलं तरी लहान गाव निवडायचं, तिथल्या एकुलत्या एक रस्त्यावरून एक चक्कर मारायची, बेकरीच्या काचेत डोकवायचं आणि पबमध्ये जेवून दिवस मावळायच्या आत घरी. काउंटरवर कोरल खणखणीत आवाजात एक पार्मी मागायची. काउंटरवरचा माणूस विचारायचा, पार्मा का? कोरल म्हणायची, पार्मी. मग तिच्या मागून नेव्हिल हळूच म्हणायचा, "दोन पार्मा."

कोरलचा मुद्दा असा होता की तुम्ही पोस्टमनला पोस्टी म्हणता, फुटबॉलला फुटी म्हणता, टेलिव्हिजनला टेली म्हणता. पोस्टा, फुटा आणि टेला असं कुणी म्हणतं का? नेव्हिलचा मुद्दा असा होता की मूळ इटालियन शब्दाच्या शेवटी काना आहे. यावर कोरल विचारायची, इटलीशी तुझा काय संबंध? नेव्हिलने आयुष्यात फक्त एकदा इटालियन बुटाचा जोड घालून पाहिला होता, आणि तो चावला होता.

मग मागच्या नाताळच्या आधी एक गोष्ट घडली. म्हातारी मंडळी हिरवळीवर चेंडू घरंगळवत खेळतात त्या बोलिंगच्या मैदानावर कुणीतरी कोरलला सांगितलं की बुरांबी गावच्या रेल्वे हॉटेलात फळ्यावर चक्क पार्मी लिहिलेलं आहे. बुरांबी व्हिक्टोरियात आहे. बॅलरॅटहून फार तर तासभर. कोरल घरी आली ती टोपी न काढताच स्वयंपाकघरात येऊन उभी राहिली.

"पुढच्या गुरुवारी बुरांबी," ती म्हणाली. "कॅमेरा घे."

पुढच्या गुरुवारी ती इस्पितळात होती. त्याच्या पुढच्या गुरुवारी तिला पुरलं.

आता ऑगस्ट होता, म्हणजे तिकडचा हिवाळा सरत आला होता आणि रस्त्याकडेची वॅटलची झाडं पिवळ्या फुलांनी भरली होती. एवढ्या महिन्यांत नेव्हिल गुरुवारी कुठे गेला नव्हता. तो ओट्यापाशी उभा राहून टोस्टवर डब्यातल्या घेवड्याच्या बिया खायचा. लोक म्हणत, नेव फार सावरला. नेव्हिल सावरला वगैरे काही नव्हता, त्याला फक्त बसून खाणं जमत नव्हतं. आणि एक गोष्ट त्याला कुरतडत होती. भांडण कोण जिंकलं हे त्याला माहीत नव्हतं. फळ्यावर खरंच वेलांटी असेल तर सरळ हार मानायची, एक पार्मी मागायची, खायची आणि परत यायचं. एकट्याने. हे कुणाला सांगायचं नाही. सांगण्यासारखं त्यात काही नव्हतंच.

एकट्याने जाण्याचा बेत पहिल्यांदा फसला तो रेल्वे हॉटेलच्या संकेतस्थळावर. टेबल राखून ठेवण्यासाठी किती माणसं ते विचारलं होतं आणि आकडे दोनपासून सुरू होत होते. नेव्हिलने बाण खाली दाबला. दोन राहिले. वर दाबला. तीन झाले. दाबतच गेला तेव्हा बारापर्यंत जाऊन पुन्हा दोनवर आले. बारा माणसं घेऊन येणाऱ्या माणसाची सोय होती. एकट्या माणसाची नव्हती. त्याने फोन केला. फोनवरच्या ध्वनिमुद्रित बाईने त्याला संकेतस्थळावर जायला सांगितलं. शेवटी नेव्हिलने दोन लिहिलं आणि ठरवलं की तिथे गेल्यावर सांगू, दुसरं माणूस येऊ शकलं नाही. हे खोटंही नव्हतं. लगेच निरोप आला की तुमची आणि तुमच्या सोबत्याची आम्ही आनंदाने वाट पाहत आहोत. नेव्हिलने फोन खणात ठेवून दिला.

बेत दुसऱ्यांदा फसला तो गाडीमुळे. इतके महिने उभी राहून तिची बॅटरी मेली होती. किल्ली फिरवली की ती घशात काही अडकल्यासारखा आवाज करायची. तो ऐकून कुंपणावर डेसचं डोकं उगवलं. शेजारचा डेस पूर्वी सरकारी रस्त्यांच्या कामावर होता आणि कुठल्याही आवाजावर त्याचं मत असे. त्याने तारा आणल्या, आपल्या गाडीला जोडल्या आणि गाडी खोकून जागी होईपर्यंत कुठे, कधी आणि कुणाबरोबर ते विचारून घेतलं. नेव्हिलला थापा मारता येत नसत. तो म्हणाला, बुरांबीला जेवायला. टेबल दोघांचं आहे.

डेसने हे घरी जाऊन ग्लेनिसला, म्हणजे आपल्या बायकोला सांगितलं. ग्लेनिस बातमी वाढवत नसे, ती फक्त तिचा अर्थ लावी. संध्याकाळपर्यंत आख्ख्या रस्त्याला कळलं होतं की नेव ग्रिबलने एक बाई गाठली आहे आणि तिला गावाबाहेर जेवायला नेतो आहे. काहींच्या मते ती बुरांबीचीच होती. एकाला तर तिच्या गाडीचा रंगही माहीत होता.

ग्लेनिस गरम स्कोन, म्हणजे चहाबरोबरचे छोटे पाव, घेऊन आली. ती म्हणाली, कोरलला हे आवडलंच असतं, कुणी नावं ठेवणार नाही, फक्त घाई करू नको, आणि तो तपकिरी स्वेटर घालू नको. नेव्हिलचे कान लाल झाले. बाई नाही, असं त्याने सांगितलं. मग दुसरं कोण, असं ग्लेनिसने विचारलं. खरं सांगायचं तर फळ्यापासून सुरुवात करावी लागली असती, आणि फळ्यापासून सुरुवात केली असती तर टोपी न काढलेल्या कोरलपर्यंत जावं लागलं असतं. ते त्याला ग्लेनिसच्या स्कोनसमोर जमलं नसतं.

"डेस," तो म्हणाला. "डेस येतोय."

कुंपणापलीकडून ऐकणाऱ्या डेसलाही हे तेव्हाच कळलं. डेस येणार म्हटल्यावर ग्लेनिस येणार, कारण डेसला एकटं पबमध्ये सोडण्याचा परिणाम तिने एकदा पाहिला होता. आणि समोरची सुला येणार, कारण नेव्हिलच्या बाईला पारखून घेणं हे आपलं कर्तव्य आहे असं तिने ठरवलं होतं. सुला चौऱ्याऐंशी वर्षांची, ग्रीक, चाळीस वर्षांपासून विधवा आणि काळ्या कपड्यांतली. बाई नाहीच, हे तिला तिघांनी समजावलं. ती म्हणाली, मग तर मी येतेच, बाई नाही तर तुला जेवायला कोण वाढणार?

गुरुवारी सकाळी सुला हातात परात घेऊन फाटकापाशी उभी होती. परातीत पालक आणि चीजची भलीमोठी पाई, वर टॉवेल. आपण जेवायला जेवणघरातच चाललो आहोत, असं नेव्हिलने सुचवून पाहिलं. सुलाने त्याला विचारलं की त्या स्वयंपाकघरात कोण रांधतं ते तू पाहिलं आहेस का? त्याने पाहिलं नव्हतं. परात आली.

आता प्रश्न पुढच्या सीटचा. ग्लेनिसला मागे बसलं की मळमळतं, त्यामुळे तिने दार उघडलं. नेव्हिल म्हणाला, ती सीट बिघडली आहे. ग्लेनिसने सीटकडे पाहिलं. सीट उत्तम होती, तिच्या पाठीला कोरलची लोकरी उशी अजून तशीच होती. ग्लेनिसने दार लावलं, मागे जाऊन बसली आणि काही बोलली नाही. हे तिच्या आयुष्यात फारसं घडलेलं नव्हतं. तिघं मागे चेपून बसल्यावर परातीला जागा राहिली नाही, म्हणून ती पुढच्या सीटवर ठेवली. गाडी सुरू होताच घंटी वाजू लागली, कारण गाडीच्या मते पुढे कुणीतरी पट्टा न लावता बसलं होतं. नेव्हिलने पाईला पट्टा लावला. घंटी थांबली. अशी चारजणांची आणि एका पाईची सहल निघाली.

गावाबाहेर पडताना ऊन आलं म्हणून नेव्हिलने डोळ्यांवरची झडप खाली ओढली, आणि तिच्यामागून पंजाएवढा एक कोळी स्टिअरिंगवर उतरला. असे कोळी काही करत नाहीत, नुसते मोठे असतात. पण कोळी काढणं हे संसारात कोरलचं खातं होतं. ती पेला आणि जुनं भेटकार्ड घेऊन यायची, आणि नेव्हिल तोपर्यंत दुसऱ्या खोलीत महत्त्वाचं काम करायचा. आता दुसरी खोली नव्हती. तो कोळ्याच्या सोयीने वळणं घेत राहिला. मागे डेस अगदी खालच्या आवाजात म्हणाला की कुणी हलू नका, आणि स्वतः दाराला चिकटला. शेवटी सुला पुढे वाकली, परातीवरचा टॉवेल उचलला, त्यात कोळी धरला, खिडकीतून बाहेर सोडला आणि तोच टॉवेल पुन्हा पाईवर घातला.

त्यानंतर डेसने जवळचा रस्ता दाखवला. हा रस्ता आपल्याच हाताखाली झाला, असं तो म्हणाला, आणि त्याची अवस्था पाहता कुणाला शंका आली नाही. अर्ध्यावर मेंढ्यांचा कळप आडवा आला. रस्ता भरून मेंढ्या, मागे एक कुत्रा आणि त्याच्या मागे मोटारसायकलवर पाय सोडून बसलेला त्यांचा मालक. त्याला कसलीही घाई नव्हती. डेसने खिडकीतून त्याच्याशी हवेवर चर्चा केली. नेव्हिलने घड्याळाकडे पाहिलं. गावाकडच्या पबचं स्वयंपाकघर दोन वाजता बंद होतं. त्यापुढे पंतप्रधान आले तरी त्यांना शेंगदाण्यांचं पाकीट मिळतं.

मेंढ्या सरल्यावर एक गाव लागलं आणि ग्लेनिसला मळमळू लागलं. तिला पाय मोकळे करायचे होते. पाय मोकळे करायला तिला धर्मादाय दुकान सोयीचं वाटलं, जिथे लोकांच्या घरातलं नको असलेलं सामान विकायला असतं. तिथून ती उभा दिवा घेऊन बाहेर आली. पुरुषभर उंच, वर झालरीची टोपी. दिवा गाडीत आडवा बसेना, तिरका बसेना. अखेर त्याची टोपी सुलाच्या डोक्यावर आणि दांडा दोन सीटांच्या मधून पुढे, असा तो बसला. नेव्हिलला गिअर बदलायचा असला की दांडा उचलायला मागच्या डेसला सांगावं लागे.

या सगळ्यात नेव्हिल सारखा घड्याळाकडे बघत होता. त्याला एवढंच दिसत होतं की दोन वाजायला आले आहेत आणि आज पोचलो नाही तर पुन्हा एकट्याने ही बॅटरी, हे संकेतस्थळ आणि हा कोळी आपल्याच्याने व्हायचा नाही. मग कोण जिंकलं ते कधीच कळणार नाही.

बुरांबीत एक रस्ता, एक बेकरी, युद्धात गेलेल्यांचा एक दगडी स्तंभ आणि रेल्वे हॉटेल होतं. रेल्वे नव्हती. नेव्हिल गाडी लावून जवळजवळ धावतच आत शिरला. आत शेकोटी पेटली होती, दोन म्हातारे बारपाशी पेले धरून उभे होते आणि बाह्या सरसावलेली एक चाळिशीची बाई स्टुलावर चढून ओल्या फडक्याने फळा पुसत होती.

ती उजवीकडून पुसत आली होती. किमती गेल्या होत्या. माशाचा शेपटाकडचा भाग गेला होता. वरच्या ओळीत खडूने ठळक लिहिलेलं होतं, पार्म. त्यापुढे ओलं, काळं, चकचकीत.

"स्वयंपाकघर बंद," बाई पाठ न वळवता म्हणाली. तिचं नाव टॅमी, पब तिचा.

डेस मागून आला आणि त्याने आपलं मनगट पुढे केलं. त्याच्या घड्याळात अजून दोन वाजले नव्हते. टॅमी म्हणाली, भिंतीवर वाजलेत. पबची घड्याळं मुद्दाम पुढे ठेवतात, नाहीतर लोक रात्री उठत नाहीत, असं डेस म्हणाला. टॅमी म्हणाली, ठेवतातच.

"शेवटचं अक्षर काय होतं?" नेव्हिलने विचारलं.

"कशाचं?"

"पार्मच्या पुढचं."

टॅमीने फळ्याकडे पाहिलं, मग त्याच्याकडे पाहिलं. "तुला भूक लागलीये, राजा," ती म्हणाली. "आधी बस."

बसण्यासाठी त्यांचं टेबल होतंच, दोघांचं. त्याला आणखी दोन खुर्च्या ओढल्या. दिवाही आत आणावा लागला, कारण गाडीचं दार त्याच्यावर बंद होत नव्हतं. बाहेरचे पदार्थ खाण्यास मनाई आहे, अशी पाटी भिंतीवर होती. सुलाने तिच्या खाली बसून पाई उघडली. टॅमी पाटी दाखवायला आली. सुलाने तिच्या हातात एक तुकडा ठेवला.

"खा, बाळा. हाडं दिसायला लागलीत."

टॅमीची हाडं दिसावीत अशी परिस्थिती नव्हती. पण असं तिला बऱ्याच वर्षांत कुणी म्हटलं नसावं. तिने तो तुकडा खाल्ला, दुसरा खाल्ला, तिसरा बारवरच्या म्हाताऱ्यांना अर्धा अर्धा दिला. मग हात पुसत म्हणाली की तेल अजून गरम असेल, कोंबडीचा एक तुकडा उरलाय, फक्त एकच, कुणाला हवा त्याने काउंटरवर यावं.

नेव्हिल उठून काउंटरवर गेला. डेस त्याच्या मागे जाऊन उभा राहिला.

"काय होतं ते अक्षर?" नेव्हिलने पुन्हा विचारलं.

"काना. पार्मा. या राज्यात दुसरं काय लिहिणार?"

म्हणजे नेव्हिल जिंकला होता. जिंकल्यावर माणसाने काय करायचं असतं याचा त्याने कधी विचार केला नव्हता. डेसने काही न कळताच त्याच्या पाठीवर थाप मारली. काउंटरची कड ओली होती. नेव्हिल तिथे हात टेकवून उभा राहिला आणि परत किती लांब जायचं आहे ते त्याच्या लक्षात आलं.

टॅमी पेला पुसत पुढे म्हणाली, "आधीचा मालक मात्र पार्मी लिहायचा. शेजारच्या राज्यातला, ॲडलेडचा होता येडपट. लोक येता जाता बोटाने वेलांटी पुसायचे, हा परत काढायचा. ईस्टरला विकून गेला बिचारा."

"म्हणजे नाताळात होतं?"

"नाताळात होतं."

"वेलांटीच?"

"चांगली हातभर."

नेव्हिलने नाक शिंकरलं. त्याला थोडा वेळ लागला. मग तो ताठ उभा राहिला आणि बुरांबीच्या स्तंभावरच्या मेलेल्या लोकांनाही ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, "एक पार्मी."

बारवरच्या म्हाताऱ्यांचे पेले हवेत थांबले.

"पार्मा का?" टॅमीने विचारलं.

"पार्मी."

आणि त्याच्या मागून डेस हळूच म्हणाला, "दोन पार्मा."

नेव्हिल वळला आणि डेसकडे बघत राहिला. इतका वेळ बघत राहिला की डेसने आपल्या पँटची चेन तपासली. टॅमी म्हणाली, एकच आहे म्हटलं ना, आणि आत निघून गेली.

त्या एकाचे चार भाग झाले. सुलाने आपला भाग उलटा करून पाहिला, हुंगला आणि सगळा खाल्ला. ग्लेनिसने काय चाललंय ते विचारलं, तेव्हा नेव्हिलने सांगितलं. फळ्यापासून सुरुवात केली आणि टोपीपर्यंत गेला. बसून खात होता, त्यामुळे सांगता आलं असावं. ग्लेनिसने आपल्या चिप्स त्याच्या ताटात सरकवल्या. डेसला मात्र यातलं एकच समजलं, की चांगला व्हिक्टोरियाचा माणूस हातातून गेला.

निघताना नेव्हिलने टॅमीकडे खडू मागितला. स्टूल डगमगत होतं म्हणून डेसला ते धरावं लागलं. आपण कशाला हातभार लावतो आहोत हे त्याला वरून वेलांटी खाली उतरल्यावर कळलं. फळ्यावर इतर काही उरलं नव्हतं, एकच शब्द होता. तो आता पुरा झाला.

"पुढच्या गुरुवारपर्यंत ठेवते," टॅमी म्हणाली. "पण मी काही तिच्यावर पहारा देणार नाही. या लोकांच्या बोटांचा मला भरवसा नाही. राखायची असेल तर स्वतः ये."

बारवरचा एक म्हातारा आपल्या बोटाकडे बघत होता.

परतीच्या वाटेवर मेंढ्या नव्हत्या, पण गाडीत शांतता नव्हती. डेस म्हणाला की मूळ शब्द इटालियन आहे आणि त्याच्या शेवटी काना आहे.

"इटलीशी तुझा काय संबंध?" नेव्हिलने विचारलं.

डेसला बूटसुद्धा आठवेना. नेव्हिल म्हणाला की पोस्टमनला तू पोस्टी म्हणतोस, पोस्टा म्हणतोस का? डेस म्हणाला, तो मुद्दा वेगळा. नेव्हिलने फुटी काढली, टेली काढली. हे मुद्दे त्याने त्रेचाळीस वर्षं ऐकले होते, पण ते इतके बिनतोड आहेत हे त्याला आजच कळत होतं. आपण इतकी वर्षं कशाच्या जोरावर भांडत होतो याचं त्याला नवल वाटलं. डेस हार मानेना. बॅलरॅटचे दिवे दिसेपर्यंत मानेना, आणि मध्येच दांडा उचलायचा विसरल्यामुळे दोनदा गाडी बंद पडली. नेव्हिल कित्येक महिन्यांत एवढं बोलला नव्हता. त्याच्या शेजारी रिकामी परात पट्टा लावून बसली होती आणि कुठल्याही बाजूने काही बोलत नव्हती.

घरी आल्यावर त्याने खणातून फोन काढला आणि पुढच्या गुरुवारचं टेबल राखून ठेवलं. किती माणसं, असं विचारलं होतं. या खेपेला त्याने बाणाशी हुज्जत घातली नाही. मग कुंपणापाशी जाऊन ग्लेनिसला सांगितलं की पुढच्या गुरुवारी पाच जणांचं टेबल आहे, लवकर निघू, आणि मेहरबानी करून दिवा नको.

ग्लेनिसने बोटांवर मोजून पाहिलं. नेव, डेस, मी, सुला. चार.

"पाईला खुर्ची लागते," नेव्हिल म्हणाला.

ग्लेनिसने हाताची बोटं मिटली आणि पाच म्हणजे पाचच, असं म्हणून ती डेसला बॅटरी तपासायला सांगायला आत गेली.